तर्रीची वाटी

कोराडीच्या पावरहाउस कॉलनीत वामनरावांच्या हृदयाची खबर नाही असं एकही घर नव्हतं. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात बॉयलरच्या लोखंडी जिन्यावर ते छाती धरून खाली बसले, चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं, आणि तेव्हापासून ते हृदय सगळ्या कॉलनीच्या मालकीचं झालं. भाजीच्या गाडीपाशी बायका जयवंताला विचारत, "कसं हाय आता?" कोणाचं, हे विचारावं लागत नसे. जयवंता म्हणे, "बरं हाय." तिचं स्वतःचं कसं आहे हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. दोन वर्षं तिलाही सुचलं नव्हतं.

घरात त्या हृदयाची बडदास्त जावयासारखी चाले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खळीनं चिकटवलेला पथ्याचा कागद होता. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तो आपल्या हातानं लिहिला होता, त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी होतं. तूप बंद. साय बंद. अंड्यातला पिवळा बलक बंद. मटण पंधरा दिवसांतून एकदा, तेही वरची तर्री काढून. तेल करडईचं, दिवसाला दोन चमचे. म्हणून ओट्यावर दोन डबे असत. लहान डबा करडईच्या तेलाचा, तो वामनरावांचा. मोठा डबा वनस्पती तुपाचा, तो बाकीच्या घराचा.

मोठ्या डॉक्टरांनी वामनरावांना त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण देऊन समजावलं होतं. "तुमच्या बॉयलरच्या नळ्यांत आतून खपली बसते ना, फोरमनसाहेब? वाट बारीक होते, नळी तापते, आणि एक दिवस फुटते. तसंच हे कोलेस्टेरॉल. रक्तातली चरबी आहे ती. नळीला आतून चिकटत जाते, आणि तुम्हाला पत्ता लागत नाही." वामनरावांना हे इतकं पटलं, की पुढं महिनाभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बॉयलर समजावत बसले. जयवंता चहा देता देता ऐकायची. चौथी शिकलेली बाई, पण बॉयलर तिला तोंडपाठ झाला.

आता वामनरावांच्या पानातून जे निघालं ते कुठं जायचं? अन्न टाकायचं नाही, हे जयवंता माहेराहून शिकून आली होती. सावनेरकडच्या शेतकऱ्याची लेक ती, ताटात भाताचं शीत राहिलं तर आईचा धपाटा बसे. मटणाच्या रश्श्यावर बोटभर लाल तर्री चढायची. ती पळीनं अलगद काढून पितळी वाटीत घ्यायची आणि खालचा पाणचट रस्सा वामनरावांना वाढायचा. सगळे जेवून उठले की जयवंता बसे आणि ती वाटी आपल्या भाकरीवर ओतून घेई. अंड्यातलं पांढरं त्यांना, पिवळं हिला. सायीखालचं दूध त्यांना, वरची साय साखर घालून हिला. असं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं आणि नको म्हणून कोणी हातही धरला नव्हता.

लेक हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा, घरात कोण काय खातं याचा त्याला पत्ता नसे. सून गोपिका वर्षभरापूर्वी आलेली, कमी बोलणारी. ती नुसती पाहायची आणि घरची रीत शिकायची. शेजारच्या सुभद्राबाई मात्र चारचौघींत सांगत, "नवऱ्याचं पथ्य करावं तं जयवंतानं. एक थेंब वाया जाऊ देत नाई बाई." जयवंता आतून फुलून यायची. आणि तिला ते खाणं आवडायचंही, हे कशाला लपवायचं? भाकरी तर्रीत बुडवून शांतपणे एकटीनं खायची, एवढंच काय ते सुख दिवसाकाठी तिच्या वाट्याला यायचं.

गेल्या दिवाळीपासून मात्र जिना तिच्या जिवावर उठला. कॉलनीत धुणं वाळत घालायचं तर गच्चीवर, आणि चिमणीची राख खाली यायच्या आत ते काढायचं. बादली घेऊन बाराव्या पायरीवर पोचली की जबडा धरायचा. दोन्ही खांद्यांच्या मधोमध कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं व्हायचं, श्वास पुरायचा नाही, अंगाला थंड घाम सुटायचा. कठड्याला टेकून दोन मिनिटं उभी राहिली की सगळं गायब. छातीत काही दुखायचं नाही. म्हणून ते हृदयाचं असेल असं तिच्या मनातच आलं नाही, कारण वामनरावांनी तर छाती धरली होती.

कॉलनीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरानं गॅस म्हणून गुलाबी औषध दिलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले. त्यांनी वय विचारलं, एक्कावन्न ऐकलं आणि "पाळी गेल्यावर बायकांना असं होतंच" म्हणून पुढच्याला हाक मारली. तिसऱ्या खेपेला कोणीतरी दातांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी जबडा ठोकून पाहिला आणि एक दाढ काढली. चांगली धडधाकट दाढ, हातात घेऊन पाहिली तर कीड नव्हती. दाढ गेली आणि दुखणं जागच्या जागी राहिलं.

एकदा तिनं वामनरावांपाशी विषय काढला. "आयकता का, मले वाटते तुमच्यासारखंच काई तरी मलेबी होऊन राहिलं."

वामनराव पेपरातून तोंड न काढता हसले. "बाईले कुठं हार्ट राहते वं? ज्याच्या डोक्याले ताप हाय, त्याचंच हार्ट बिमार पडते. तू घरातच राहतं. तुले कायचा ताप?"

जयवंता ओट्याकडे वळली. पण तापाचा शब्द तिच्या मनात कुसळासारखा रुतला. पहाटे पाचला उठून दोन प्रकारचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला कसला ताप, हे तिला त्या दिवसापासून रोज आठवायला लागलं.

दर तीन महिन्यांनी वामनरावांना घेऊन ती बसनं नागपूरला यायची. धंतोलीत मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना, खाली रक्त तपासायची खोली. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून वामनरावांचा डबा तिच्या मांडीवर असे. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत ते असेच गेले. बसस्टॉपपासून दवाखान्यापर्यंत चालताना तिचा जबडा दोनदा धरला. वामनराव पुढं निघून गेले होते.

तपासनीस मुलीनं वामनरावांच्या दंडाला रबर बांधलं, रक्त काढलं, कापूस दिला. ते उठले. आणि जयवंता त्यांच्या उबदार खुर्चीवर बसली, बाही वर केली आणि हात पुढं केला.

"बाई, तुमची चिठ्ठी?" मुलगी म्हणाली.

"चिठ्ठी नाई. मायाबी चरबीचा आकडा काढा."

"डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय..."

"उपाशी हाय मी. हे जेवल्याबिगर मी जेवतच नाई, तीस वर्षं झाले. अशी तयार पेशंट तुमाले कुठं भेटन?"

वामनराव दारातून ओरडले, "काय तमाशा लावला वं? उठ!" रांगेतले लोक पाहायला लागले. जयवंताचे कान तापले, पण ती खुर्चीवरून हलली नाही. हात तसाच पुढं. मुलीनं एकदा वामनरावांकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे, आणि मुकाट्यानं रबर बांधलं. वामनराव परतीच्या बसमध्ये तिच्याशी बोलले नाहीत. ती खिडकीशी बसून कापसाचा बोळा दंडावर धरून होती आणि तिला उगीचच हसू येत होतं.

आठ दिवसांनी दोघं रिपोर्ट घ्यायला वर गेले. मोठ्या डॉक्टरांनी दोन कागद समोर धरले. कपाळाला आठी पडली. मग त्यांनी चष्मा काढला आणि हसले.

"खालच्या मुलीनं घोळ केलाय. यांचा दोनशे अठरा आणि बाईंचा तीनशे बावीस? उलटं झालंय. एकच आडनाव, एकाच दिवशी, बाटल्या बदलल्या." असं म्हणून त्यांनी लाल पेन उघडलं, दोन्ही कागदांवरची नावं खोडली आणि अदलाबदल करून लिहिली. मग त्यांचा चेहरा बदलला. ते जयवंताकडे वळले. "अडीचशेच्या आत ठेवा म्हणून सांगितलं होतं ना मी? गेल्या वेळी आला होता आत. आता तीनशे बावीस! काय खाऊ घालताय तुम्ही यांना? माझ्या कागदाचं काय लोणचं घातलंत?"

जयवंता पुढं झाली. "साहेब, एक थेंब तेल जास्त नाई..."

"आकडा खोटं बोलत नाही, बाई." त्यांनी वामनरावांच्या गोळ्या वाढवल्या, मटण पूर्ण बंद केलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. जयवंताच्या नावाच्या कागदाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. तो दोनशे अठराचा चांगला कागद होता, त्यात पाहायचं काय?

घरी येऊन वामनराव गरजले. "मले मारायचा बेत हाय का वं तुहा? बॉयलर फुटला तं पेन्शन खायाले मोकळी!" इतक्या मोठ्यानं, की सुभद्राबाईंच्या घरातला रेडिओ बंद झाला. जयवंता ओट्याशी उभी राहिली. दोन वर्षं पळीनं तर्री काढणारा हात होता हा. या हातावर पथ्यातल्या चोरीचा आळ यावा, याचं तिला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. आणि मग, डोळे पदरानं पुसता पुसता, तिला दुसरीच गोष्ट उमगली. आपण चोरी केली नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग यांचा आकडा वाढेल कसा? बाटल्या बदलल्याच नसतील तर?

मग तो तीनशे बावीस तिचा होता.

तिला भीती वाटली. पण भीतीहून जास्त राग आला. तिच्या आयुष्यात तिच्या नावाचं फार काही नव्हतं. क्वार्टर वामनरावांच्या नावाचं, शेत दिरांच्या नावाचं, रेशनकार्डावर ती "पत्नी". एक आकडा तिच्या रक्तातून निघाला, तिच्या नावानं कागदावर चढला, आणि तोही लाल पेनानं नवऱ्याच्या नावावर करून टाकला. गोपिका भांडी घासत होती. जयवंता तिला म्हणाली, "पोरी, गुरुवारी स्वयंपाक तू पाहून घे. मी नागपूरले जातो."

"कोनासंगं, आत्याबाई?"

"कोनासंगं नाई. एकटी."

गोपिकेनं मान वर करून सासूकडे पाहिलं. "मामाजीले काय सांगू?"

"काई सांगू नको. विचारलं तं मंग सांग, माया बॉयलर दाखवाले गेली म्हना."

गुरुवारी पहिल्या बसनं, पोटात पाण्याचा थेंब न घेता, जयवंता धंतोलीला उतरली. दवाखान्याच्या जिन्याच्या अठरा पायऱ्या होत्या. दोनदा थांबून ती वर पोचली. बाहेरच्या टेबलावरच्या माणसानं वहीतून नजर न उचलता विचारलं, "पेशंट कुठं आहे?"

"समोर हाय."

"नाही, वामनराव कुठं आहेत?"

"ड्युटीवर हाय. मीच पेशंट हाय. लिहा, जयवंता."

मोठे डॉक्टर राउंडला गेले होते. आत त्यांच्या हाताखालच्या डॉक्टर चारुलता होत्या, तिशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, कोणाच्या तोंडाकडे न पाहता कागदाकडे पाहण्याची सवय अजून न लागलेल्या. त्यांनी लाल रेघांचा कागद पाहिला, जयवंताचं म्हणणं ऐकलं, आणि खाली पुन्हा रक्त पाठवलं. मग तिला पलंगावर निजवून छातीला वायरी लावल्या आणि हृदयाची पट्टी काढली.

"पट्टी तर ठीक आहे, काकू," त्या म्हणाल्या. "घाबरू नका."

जयवंता उठून बसली. अशाच अर्धवट पाहण्यापायी तिची दाढ गेली होती, गुलाबी औषध आलं होतं, हे तिला आता समजलं. "बाई, तुमी मले निजवून पाहून राहिल्या. निजल्यावर मले कदी दुखलंच नाई. मी जिन्यावर मरतो. मले पाहाचं असन तं जिना चढवून पाहा."

डॉक्टर चारुलतांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग कोपऱ्यातला दोन पायऱ्यांचा लाकडी घोडा ओढून आणला. खरं तर तो पुरुषांसाठीच बाहेर निघत असे. "चढा, पलीकडे उतरा, वळा, पुन्हा चढा. मी सांगेपर्यंत. पण दुखायला लागलं की लगेच सांगायचं, लपवायचं नाही."

"आजपोतर लपवलं तेवढं बस झालं," जयवंता म्हणाली आणि लुगड्याचा काचा खोचून चढली. चढली, उतरली, वळली. दहाव्या खेपेला जबडा धरला. बाराव्या खेपेला पाठीत अंगठा रुतला. "आला," ती म्हणाली, आणि आवाजात भीती नव्हती, कोणी तरी खोटारडं एकदाचं रंगेहाथ सापडावं तसा तो आवाज होता. डॉक्टरांनी तिला धरून निजवलं, वायरी लावल्या. पट्टी सरसर बाहेर आली. ती पाहताना डॉक्टर चारुलतांचा चेहरा बदलला. त्यांनी एक बारीक गोळी जयवंताच्या जिभेखाली ठेवली. मिनिट-दीड मिनिटात जबडा सुटला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी दिलेल्या औषधानं तिला खरंच बरं वाटलं. ती रडली. बरं वाटलं म्हणून रडली, आणि गेलेल्या दाढेसाठीही.

"हृदयाचंच आहे," डॉक्टर तिच्याजवळ स्टूल ओढून म्हणाल्या. "बायकांचं पुष्कळदा असंच येतं. जबड्यात, पाठीत, दम लागून, नुसत्या थकव्यानं. छाती धरून पडल्या नाहीत म्हणून कोणी पाहत नाही. पाळी असते तोवर शरीर थोडं राखण करतं. पाळी गेली की राखणदार उठून जातो, आणि ही चरबी बायकांच्याही नळ्यांत बसायला लागते. आता मला सांगा, तुम्ही रोज काय खाता? ते काय खातात हे नका सांगू, ते मोठ्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय."

जयवंतानं सांगितलं. पिवळा बलक. साय. वनस्पतीतली पोळी. तर्रीची वाटी.

"किती दिवस?"

"त्याइचं पथ्य लागलं तवापासून. दोन वर्षं. टाकून कसं द्याचं, बाई? अन्न हाय."

डॉक्टर चारुलतांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्या पानातून जे जे काढलं, ते सगळं तुमच्या पोटात गेलं. त्यांचा आकडा तुम्ही खाल्ला, काकू."

दुपारी खालून रक्ताचा कागद आला. तीनशे सव्वीस. या खेपेला एकच बाटली होती, एकच नाव होतं, बदलायला दुसरं कोणी नव्हतं. मोठे डॉक्टर आले तेव्हा डॉक्टर चारुलतांनी पट्टी आणि कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते दोनदा पाहिले. "बायकांत इतकं सहसा दिसत नाही..." असं काहीतरी पुटपुटले.

"पाहिलं नाई तं दिसन कसं, साहेब?" जयवंता म्हणाली. तिनं पिशवीतून जुने दोन कागद काढले, घडी उलगडून टेबलावर ठेवले. "ही लाल रेघ तुमीच मारली. तुमीच खोडा. माया आकडा माया नावावर करून द्या."

मोठ्या डॉक्टरांनी लाल पेन उघडलं आणि नावं पुन्हा जागच्या जागी लिहिली. खाली सही केली, कारण तिनं सही मागितली.

संध्याकाळी वामनराव ओसरीत वाट पाहत होते. गोपिकेनं निरोप शब्दशः दिला होता, आणि त्यातल्या बॉयलरच्या टोमण्यावरून ते ड्युटीवरून आल्यापासून धुमसत होते. जयवंतानं कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजे मायं दोनशे अठरा! म्हंजे मटन चालू!"

तेवढंच बोलले. बाईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. कागद हातात तसाच राहिला.

"हो, तुमचं बरं हाय," जयवंता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सुभद्राबाईंचा रेडिओ पुन्हा बंद झाला. "मायं तीनशे सव्वीस. तुमी म्हनत होते बाईले हार्ट राहत नाई. हे पाहा, पट्टीवर छापून आलं. तुमी साऱ्या कॉलनीले बॉयलर समजावला. मंग मले सांगा, खपली का नळीले विचारून बसते, तू बाप्याची का बाईची?"

वामनराव खाली बसले. फोरमन माणूस, त्यांना नळी समजत होती. मग त्यांनी विचारलं, "दुखते का वं लय?" लग्नाच्या तीस वर्षांत तिला हे पहिल्यांदा विचारलं गेलं.

"दुखते," ती म्हणाली. "उद्यापासून गच्चीवर बादली तुमी न्या. डॉक्टरनं तुमाले चालाले सांगितलंच हाय."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर दुसरा कागद चढला. डॉक्टर चारुलतांच्या अक्षरातला, वर ठळक "जयवंता". वनस्पतीचा मोठा डबा पुसून त्यात ज्वारी भरली. ओट्यावर करडईच्या तेलाचा एकच डबा राहिला. लेकानं भाजीची चव गेली म्हणून कुरकुर केली, तर वामनरावच त्याच्यावर खेकसले. बादली घेऊन जिना चढणारा फोरमन पाहायला कॉलनीतल्या बायका दाराशी आल्या, आणि सुभद्राबाईंनी त्याच संध्याकाळी हळूच येऊन जयवंताला विचारलं की जबडा धरतो म्हणजे नेमका कुठं धरतो.

पुढच्या रविवारी मटण झालं. कागदात बसेल तेवढंच, पंधरा दिवसांतलं एक. जयवंतानं पळी घेतली आणि रश्श्यावरची तर्री अलगद पितळी वाटीत काढली. मग तिनं दोन ताटं घेतली, एक वामनरावांसमोर ठेवलं आणि दुसरं घेऊन त्यांच्या शेजारी बसली. वामनराव पाहत राहिले. बाई त्यांच्याआधी जेवत नव्हती, त्यांच्यासोबतही कधी नव्हती. ते जरा सरकले, तिला जागा झाली. दोघांचा रस्सा सारखाच पाणचट होता. तिनं भाकरी मोडली. खरं सांगायचं तर चव नव्हतीच, आणि तिला तर्रीची इतकी आठवण आली की घास तोंडातच फिरत राहिला. तरी तिनं तो गिळला.

तेवढ्यात गोपिका ओट्याकडून आली. सगळ्यांना वाढून झालं होतं. तिनं भिंतीशी आपलं ताट ठेवलं, भाकरी घेतली, आणि रीतीप्रमाणे, काहीही विचार न करता, ती पितळी वाटी उचलून आपल्या ताटाकडे नेली.

जयवंता ताटावरून उठली. उठताना जबड्यात बारीक कळ आली, पण ती थांबली नाही. तिनं गोपिकेच्या हातातून वाटी घेतली.

"आत्याबाई, वाया जाईन..."

"जाऊ दे," जयवंता म्हणाली. ती मागचं दार उघडून बाहेर गेली, आणि चुलीच्या राखेच्या ढिगावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा अन्न फेकून दिलं. लाल तेल राखेत शिरलं. आईचा धपाटा बसेल की काय, असं क्षणभर वाटलं. मग ती आत आली, रिकामी वाटी गोपिकेसमोर पालथी ठेवली आणि म्हणाली, "ताट घेऊन इकडं ये. आमच्यासंगं बस. अन् आयक, या घरात आता उरलेलं पोटात टाकाची नोकरी कोनाचीच नाई."